अकराव्या आण्याची पाळी

सुकी नदीच्या काठच्या त्या गावात एक विहीर होती. इतकी खोल की न्याहारीला टाकलेला खडा दुपारच्या जेवणाला 'डुब्' म्हणायचा. निदान पाहुण्यांना गाव असंच सांगे. पाहुणा खडा टाकून कान लावून बसे, तेवढ्यात घरात त्याच्यासाठी वरण-बट्टी शिजून होई.

या विहिरीत सोळा आण्यांचे हिस्से होते. कुणाचा एक आणा, कुणाचे दोन. आणे-पै सरकारने मोडीत काढून जमाना झाला होता, पण विहिरीला तसं कुणी कळवलं नव्हतं. इंजिनघराच्या भिंतीला कडुनिंबाची एक फळी ठोकलेली होती. फळीला सोळा भोकं, आणि त्यांतून फिरणारी एकच लाकडी खुंटी. खुंटी ज्या भोकात, त्या आण्याच्या धन्याचं पाणी. उगवतीला एकदा, मावळतीला एकदा खुंटी पुढे सरकायची, म्हणजे आठ दिवसांनी प्रत्येकाची पाळी फिरून यायची. खुंटी सरकवून धन्याचं नाव हाळी देऊन पुकारायचं काम जीवरामनानाचं होतं. तीस वर्षं तो ते करत होता. लग्न, मयत, ताप, पूर, काही असो, एक पाळी चुकली नव्हती. नानाची हाळी ऐकून कोंबडे आपली वेळ जुळवून घेतात, असं गावात म्हणत. कोंबड्यांनी त्यावर कधी तक्रार केली नाही.

नानाचा मान मात्र हाळीमुळे नव्हता, कुलपामुळे होता. अडुसष्ट साली एका व्यापाऱ्याने विहिरीचं शेत विहिरीसकट लिहून घेतलं, काठाला तार मारली आणि इंजिनघराला कुलूप घातलं. त्याचं म्हणणं, विहीर माझी, पाणी माझं. तिशीतला जीवराम फळी मांडीवर घेऊन कुलपासमोर तीन दिवस उपाशी बसला. सातबाऱ्यावर सगळ्यांचे आणे लिहिलेले होते. तलाठी आला, मामलेदार आला, आणि चौथ्या दिवशी व्यापाऱ्याने आपल्या हाताने कुलूप काढलं. गावात सांगतात की कुलूप आपोआप गळून पडलं. नाना तसं कधी म्हणाला नाही, पण कुणी सांगत असलं की थांबवायचाही नाही. तो एवढंच म्हणे, "जमीन विका, इंजिन विका, अख्खी विहीर विका. आणा जिथल्या तिथं राहतो. धनी बदलला म्हणून पाळी बदलत नाही."

हे वाक्य त्याने इतक्यांदा आणि इतक्या ठिकाणी म्हटलं होतं की ते विहिरीबाहेरही खरं असेल, असं त्याला वाटायला लागलं होतं.

फळीवरचं अकरावं भोक त्याच्या थोरल्या बहिणीचं, धुरपदाबाईचं. गाव तिला अक्का म्हणे. नवरा गेल्यावर अक्का माहेरी आली, तेव्हा बापाने तिला दीड एकर केळी आणि विहिरीतला एक आणा दिला होता. तेवढ्यावर तिने जन्म काढला. कुणाकडे चहाची पूड मागितली नाही की कुणाचं बोलणं ऐकून घेतलं नाही. पाळीच्या दिवशी ती फावडं घेऊन पाटाच्या दाऱ्यावर, पाणी आत घ्यायच्या तोंडापाशी, उभी राही आणि धाकट्या भावाने आपलं नाव पुकारलं की डोक्यावरचा पदर नीट करी. चारचौघांत तिचं नाव घेतलं जाण्याची ती आठवड्यातली एकच वेळ होती.

चौऱ्याण्णव साली पिंप्राळ्याचा रतिलाल स्कूटरवर बसून गावात आला. रतिलाल शेअरचे फॉर्म विकायचा. त्याच्या जिभेवर खोटं इतकं सवयीचं झालं होतं की स्वतःचं नाव सांगतानाही तो आधी जरा थांबे. या खेपेला त्याच्याकडे धुळ्याच्या नव्या कारखान्याचे फॉर्म होते. तापी मेमरी लिमिटेड.

"मेमरी म्हणजे काय भाऊ?" विहिरीचा शेजारी झुलाल म्हणाला.

"आठवण," रतिलाल म्हणाला. "संगणकाला आठवण लागते. ती नखाएवढ्या चकतीत भरतात, तिला चिप म्हणतात. मुंगीच्या पाठीवर ठेवली तर मुंगीला मागच्या जन्मी गूळ कुठं ठेवला होता तेसुद्धा आठवेल!"

लोक हसले. रतिलाल पुढे म्हणाला, "आणि एकटी कंपनी नाही. कोरियाची मोठी कंपनी भागीदार आहे. माल तिकडून येणार, इथं कापून, बसवून, तपासून परत तिकडेच जाणार. गिऱ्हाईक शोधायलाच नको. आपण फक्त हिस्सा घ्यायचा."

हिस्सा म्हटल्यावर सगळ्यांनी नानाकडे पाहिलं. हिश्शातलं त्यालाच कळतं, अशी सगळ्यांची खात्री होती. त्याची सुद्धा.

कंपनीने लोकांना कारखाना बघायला बसने नेलं. धुळ्याबाहेर, सुरत रस्त्याला, उजाड माळावर एक लांबलचक पांढरी इमारत होती. तिला खिडक्या नव्हत्या. आत काचेच्या भिंतीपलीकडे माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली, फक्त डोळे उघडे, एक शब्द न बोलता फिरत होती. अक्काने नानाची बाही ओढली.

"नाना, ह्या लोकायले तिरडीवरून उठवून आनलं का रे?"

"गप, अक्का! धूळ चालत नाही त्यायले."

"मंग धुळ्यात कायले आले?" अक्का म्हणाली.

कंपनीचे चेअरमन शेजारीच होते. मुंबईचा माणूस, मऊ आवाजाचा. त्यांना हसू आलं नाही. ते नानाला म्हणाले, "अगदी बरोबर आहे आजींचं. इथे एक कण धूळ पडली की चिप सगळं विसरते. कधी तिच्यात काही होतं हेसुद्धा."

परतीच्या बसमध्ये नानाच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पांढऱ्या इमारतीत एक विहीर आहे, तिच्यात आपला आणा पाहिजे. गावातली सत्तावीस घरं त्याच्या शब्दावर फॉर्म भरायला तयार झाली. अक्काकडे घालायला पैसे नव्हते. तिचा आणा होता.

झुलाल कधीपासून त्या आण्यावर टपून होता. नानाने मध्ये पडून मुदतखरेदी ठरवली. झुलालने पैसे द्यावेत, आणा त्याच्या नावे लिहून घ्यावा. तीन आखाज्या होईपर्यंत पाणी अक्काचंच. तिसऱ्या आखाजीच्या दिवशी मावळतीच्या आत पैसे परत झाले तर आणा अक्काला फिरेल, नाही तर दुसऱ्या सकाळपासून अकरावं भोक झुलालचं. खानदेशात वर्षाचे करार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, होतात आणि आखाजीलाच तुटतात. लेकीबाळी माहेरी झोक्यावर बसतात तोही तोच सण.

"तीन वर्षांत दुप्पट होतील, अक्का. आना परत, वर तुह्या शेतात पाइपलाइन."

अक्काने अंगठा टेकवण्याआधी भावाकडे बघितलं. "तू पाळी चुकवली नाही कधी," ती म्हणाली, आणि अंगठा टेकवला.

पहिलं वर्ष झकास गेलं. जगभर संगणकांना आठवणीची भूक सुटली होती आणि चिपेला येईल तो भाव मिळत होता. कंपनीने लाभांशाचे लिफाफे पाठवले. गावात पेढे वाटले गेले. चिंधा नावाच्या एका गड्याने तर आपल्या बैलाचं नाव मेमरी ठेवलं. बैल नांगर अर्ध्यात टाकून घरी निघून यायचा; घर तेवढं त्याला आठवायचं.

मग शहाण्णव उजाडलं. कोरिया, जपान, तैवान, सगळ्यांनी एकाच वेळी कारखाने वाढवून ठेवले होते. सगळ्यांचा माल एकदम बाजारात उतरला. सावद्याच्या बाजारात केळी विकणाऱ्या गावकऱ्यांना हे समजवायला कुणाची गरज नव्हती. सगळ्यांचे घड एकाच आठवड्यात कापणीला आले की काय होतं ते त्यांनी बघितलेलं होतं. वर्षभरात चिपेचा भाव रुपयाचा चार आण्यांवर आला. शेअरही तसाच खाली गेला. नाना म्हणे, "उन्हाळ्यात विहीर आटतेच. पावसाळा येऊ द्या."

सत्त्याण्णवच्या एप्रिलात दोन गोष्टी एकाच आठवड्यात आल्या. एक, पेपरात बातमी: धुळ्याचा कारखाना कोरियन भागीदार विकत घेणार. दुसरी, कंपनीचं इंग्रजी पत्र. कारखाना विकायला भागधारकांची मंजुरी हवी, त्यासाठी तीस तारखेला कारखान्यावरच सभा, आणि येता येत नसेल तर आपल्याऐवजी दुसऱ्याने मत द्यावं म्हणून सोबत एक छापील कागद. त्याला प्रॉक्सी म्हणतात.

बातमी आली आणि मेलेला शेअर उठून बसला. आठाचा एकोणीस झाला. सरपंचाच्या फोनवर रतिलालचा फोन आला.

"नाना, आज विका. अक्काचे तरी विका. आणा सुटतो आणि वर चार पैसे उरतात."

"कायले विकू? आता तर मोठा धनी येऊ राह्यला."

"अहो, धनी कारखान्याचा येतोय, कंपनीचा नाही! तुमचा हिस्सा कंपनीत आहे. कारखाना गेल्यावर कंपनीत उरणार काय? पाटी!"

"रतिलाल, तुला विक्रीवर दलाली मिळते ना?"

"मिळते," रतिलाल म्हणाला.

आयुष्यभर रतिलालने शंभर खोट्या गोष्टी सांगितल्या आणि लोकांनी शंभरच्या शंभर खऱ्या मानल्या. ही एकशे एकावी खरी होती. नानाने फोन ठेवला. बाहेर चिंधा आणि आणखी चौघे उभे होते.

"काय म्हनते बाजार, नाना?"

"बाजार काही म्हणो," नाना म्हणाला. "विहिरीचा धनी बदलू राह्यला. आपली पाळी तशीच."

सत्तावीस घरांचे कागद संध्याकाळपर्यंत त्याच्या नावाने भरून झाले. विहिरीच्या भांडणात सगळ्यांच्या वतीने एकटा पाळीकर बोलतो, ही तिथली जुनी रीत. शेवटचा अंगठा अक्काचा. ती म्हणाली, "नाना, आखाजीले किती दिस राह्यले?"

"सभेनंतर नऊ."

"झुलाल काल बांधावर येऊन पावलं मोजत होता."

"मोजू दे."

तीस तारखेला जळगावहून धुळ्याच्या एसटीत नाना आणि रतिलाल शेजारी बसले. ऊन असं होतं की एरंडोलच्या पुढे डांबराला पाय फुटले होते. रस्ता बसच्या आधी धुळ्याला पोहोचतो की काय, असं वाटावं. नानाच्या मांडीवर कागदांची पिशवी होती. पारोळ्यापर्यंत रतिलाल समजावत राहिला.

"बी त्यांचं, बाजार त्यांचा, मधली राबणूक आपली. माल ते सांगतील त्या भावाने घ्यायचा, चिप ते सांगतील त्या भावाने द्यायची. तीन वर्षं कंपनी त्यांची देणेकरीच होत गेली. आता कारखाना मातीमोलाने घेणार, त्यातून बँकेची आणि स्वतःची बाकी वळती करणार. आपल्याला शून्य. पण तुमची पिशवी 'नाही' म्हणाली तर ठराव पडेल. मग त्यांना भाव वाढवून द्यावा लागेल, आणि ते पैसे आपल्यापर्यंत येतील."

"आणि कारखाना?"

"तो जाणारच आहे, नाना. यंत्रं उचलून नेणार आहेत ते."

"विहीर कुणी उचलून नेतं का?" नाना म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

माळावर पांढरी इमारत तशीच होती. फक्त तिच्यातून पूर्वी जी घूं घूं येत असे ती येत नव्हती. फाटकावर धनसिंग वॉचमन होता. तीन वर्षांपूर्वी त्याने नानाला माठातलं पाणी पाजलं होतं. आता माठ पालथा पडला होता.

"राम राम, धनसिंग. काय चाललंय?"

"काय चाली ऱ्हायनं, भाऊ? काहीच नही." त्याने इमारतीकडे हनुवटी केली. "मांगे देखी या. बठ्ठं खोकामा भरी ऱ्हायनात. दोन महिनापाईन सुतार बसेल शे."

"नवीन यंत्रं येणार असतील."

धनसिंगने त्याच्याकडे असं बघितलं की जणू हा माणूस आपल्याच मयताला चालत आला आहे. "भाऊ, येणारं खोकं भरेल ऱ्हास. हाई रिकामं व्हतं, मी सोता देखं."

नाना मागे गेला. पत्र्याच्या सावलीत, ट्रेलरांवर चढवलेली, माणसाच्या दुप्पट उंचीची लाकडी खोकी ओळीने उभी होती. इमारतीच्या भिंतीतून नळ बाहेर आले होते, पाण्याचे, हवेचे, कसले कसले. ते कापलेले होते, आणि प्रत्येकाच्या तोंडात चिंधी गुंडाळून लाकडी गुडदी ठोकलेली होती.

नाना तिथं उभाच राहिला. जमिनीखालचं त्याला सगळं कळत असे. विहीर सोडून जाणारा माणूस सगळ्यात आधी तळाचा व्हॉल्व्ह काढतो आणि नळीला चिंधीची गुडदी मारतो. हे त्याने आयुष्यात चार वेळा बघितलं होतं आणि चारही वेळा तो माणूस परत आला नव्हता. त्याने एका गुडदीला बोट लावलं. लाकूड ओलं होतं. कालचंच काम.

"नाना! तुम्ही इकडे? आम्ही केव्हाची वाट बघतोय."

चेअरमन साहेब. त्यांनी नानाच्या खांद्यावर हात ठेवला. हात एसीतून आलेला, थंडगार. त्यांना नानाचं नाव, गाव, पिशवीत किती घरांचे कागद आहेत, सगळं पाठ होतं. या माणसाच्या डोक्यात धूळ शिरत नसावी.

मंडप भरला होता. कंपनीने चार बसेस भरून माणसं आणली होती, प्रत्येकाच्या नावावर एकेक शेअर. नानाला पहिल्या रांगेत खुर्ची, समोर सरबत. चेअरमननी ठराव वाचला आणि विचारलं, "मंजूर?" चार बसेसचे हात वर गेले.

मागून रतिलाल ओरडला, "हात मोजू नका! शेअर मोजा! मतपत्रिका वाटा!"

मंडपात गडबड उडाली. हात मोजताना प्रॉक्सीच्या कागदांना किंमत नसते. एक माणूस, एक हात. मतपत्रिकेत मात्र प्रत्येक कागदामागचा प्रत्येक शेअर मोजला जातो. कायदा तसाच होता आणि चेअरमनना तो नाकारता येईना. रतिलालने नानाच्या पिशवीतल्या कागदांना किंमत मिळवून दिली होती. तो धापा टाकत पहिल्या रांगेपर्यंत आला आणि नानाच्या कानाशी वाकला.

"नाना, तुमच्या पाया पडतो. 'नाही' लिहा. तुम्ही मागे जाऊन आलात, मी बघितलं तुम्हाला. तुम्हाला दिसलंय."

दिसलं होतं. पण 'नाही' लिहायचं म्हणजे काय? म्हणजे तीन वर्षांपूर्वी सत्तावीस घरांना सांगितलं ते चूक. फोनवर रतिलालला सांगितलं ते चूक. फळी मांडीवर घेऊन तीन दिवस उपाशी बसून जे सिद्ध केलं, ते फक्त एका विहिरीपुरतं. नाना उठला. हाळी देतो तशा आवाजात त्याने विचारलं,

"साहेब, एकच सांगा. धनी बदलला तरी आमचा हिस्सा राहील की नाही?"

चेअरमन हसले. तीन वर्षांत नानाने त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

"नाना, तुमचा शेअर तुमच्या पेटीत आहे. त्याला आम्ही काय, कोरियावाले काय, कुणी हात लावणार नाही. शब्द देतो."

रतिलालने दोन्ही हातांनी डोकं धरलं. नानाने खाली बसून सत्तावीस वेळा 'होय' लिहिलं. सगळ्यात शेवटी अक्काचं.

ठराव मंजूर झाला. फरक अक्काच्या शेअरांएवढाच पडला, असं लोक सांगतात. लोकांचं काय, त्यांना हिशेब गोल लागतो. पण फरक थोडा होता, हे खरं.

दुपारी एक वाजता नाना फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होता. रतिलाल त्याच्याशी न बोलता ट्रकने निघून गेला होता. फाटक करकरलं आणि पहिला ट्रेलर बाहेर आला. मग दुसरा. ताडपत्री, दोरखंड, आत उभी खोकी. निकालाची शाई वाळायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एवढी यंत्रं कशी चढली, हे कुणाला विचारायचं? ती चढलेलीच होती. सभा व्हायची राहिली होती फक्त.

नाना रस्त्यात आला आणि त्याने हात वर केला. ट्रेलरवाल्याला वाटलं म्हाताऱ्याला बसायचं आहे.

"मुंबई बंदर जा रहा हूँ, बाबा! चलोगे?"

नानाने हात खाली घेतला नाही. ट्रेलर त्याला वळसा घालून गेला. पुढचाही. धूळ अशी उडाली की पांढरी इमारत दिसेनाशी झाली, आणि धूळ खाली बसल्यावर तिचं मोठं दार सताड उघडं होतं. तीन वर्षं ज्या खोलीत धुळीचा कण शिरू दिला नव्हता तिच्यात माळावरचा वारा सरळ चालत गेला.

"बठ्ठं गयं, भाऊ, सगळं गयं," धनसिंग म्हणाला आणि पालथा माठ उचलून आपल्या सायकलीला बांधू लागला.

त्या आठवड्यात शेअर एकोणीसचा सात झाला, सातचा दोन, आणि मग घेणाराच उरला नाही. चेअरमननी शब्द पाळला. सत्तावीस घरांचे शेअर आपापल्या पेटीत होते. त्यांना कुणी हात लावत नव्हतं.

आखाजी आली. गावात पितरांच्या घागरी भरल्या गेल्या, लिंबाच्या फांद्यांना झोके बांधले गेले, सासरच्या पोरी माहेरी येऊन गाणी म्हणू लागल्या. अक्का त्या दिवशी झोक्याखाली बसली, पण गायली नाही. माहेर तिचं हेच, आणि दुसरं घर नव्हतं. नाना सकाळपासून दारोदार फिरला. पण ज्या ज्या दारात तो गेला ते दार त्याच्याच शब्दाने रिकामं झालेलं होतं. मावळतीला तो झुलालच्या ओट्यावर गेला.

"झुलालभाऊ, एक आखाजी वाढवून दे."

झुलाल वाईट माणूस नव्हता. त्याने नानाला पाटावर बसवलं, पुरणपोळी वाढली. मग म्हणाला, "नाना, अडुसष्टले तूच शिकवलं सगळ्यायले. जिसका आना उसका पानी. सातबारा बघायचा, तोंड बघायचं नाही. मी व्यापारी असतो तर तू कुलपासमोर बसला असता. आता कोनासमोर बसशीन?"

नानाने पोळीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना तो इंजिनघरापाशी गेला. खुंटी दहाव्या भोकात होती. विहिरीच्या काठावर झुलाल उभा होता, आणि त्याच्यामागे हळूहळू गाव जमलं होतं, चिंधा, सरपंच, सगळी सत्तावीस घरं. पलीकडे दीड एकराच्या केळीत, पाटाच्या दाऱ्यावर अक्का फावडं घेऊन उभी होती. नेहमीसारखी. तिने दारं फोडून ठेवलं होतं. वैशाखात आठ दिवस पाणी चुकलं की केळ मान टाकते, सोळा चुकले की झोपते. ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

अकराव्या भोकात खुंटी बसेना. गावात आजही सांगतात की ती त्या भोकात शिरायलाच तयार नव्हती, तीनदा खाली पडली, चौथ्यांदा तिला पाणी सुटलं. पण तसलं काही नाही. नानाच दर वेळी खुंटी अर्ध्यात सोडत होता. शेवटी त्याने पायाखालचा दगड उचलला आणि ठोकून ती बसवली.

मग तोंड वर करून, कोंबड्यांनाही ऐकू जाईल अशी, तीस वर्षांत चुकली नव्हती तशी हाळी दिली.

"झुलाऽऽल!"

अक्काने सवयीने पदर सारखा केला होता. तो तिच्या हातातच राहिला. इंजिन धडधडलं, पाणी पाटात आलं, दाऱ्याशी पोचलं, आणि झुलालने दोन फावडी माती ओढली. पाणी वळून पलीकडच्या शेतात गेलं.

अक्का फावडं खांद्यावर घेऊन बांधाबांधाने आली, इंजिनघरापाशी थांबली, आणि फळीकडे बघत राहिली. एकेक भोक बोटाने मोजत. मग भावाकडे वळली.

"नाना, बाकीचे पंधरा कोनाचे आहेत, ते नीट आठवते ना तुले?"

हे ऐकलं सगळ्यांनी. चिंधा पुढे आला आणि सहाव्या भोकावर, आपल्या आण्यावर, त्याने तळवा असा ठेवला की नानाचा हात तिथं पोचू नये. त्याच्यामागून दुसरा आला. मग तिसरा. नाना दगड हातात घेऊन उभा होता, आणि एकेकाचा हात फळीवर पडत होता, शेवटी लाकूड दिसेनासं होईपर्यंत.